जुनी छोटी एसयूव्ही घेताना मॉडेल शेवटी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मिरजेत राहता. बजेट सगळं मिळून सहा लाख. घरात तुम्ही दोघं, एक मुलगी आणि सत्तरीच्या घरातले आई-वडील. रोजचं फिरणं गावातलंच, महिन्याला ६०० किलोमीटरच्या आसपास. वर्षातून चारदा आंबा घाट उतरून संगमेश्वर तालुक्यातल्या गावी जाता. समोर चार गाड्या आहेत: २०१७ ची डिझेल ब्रेझा, ९२,००० किलोमीटर, दुसरा मालक, २०१८ ची पेट्रोल इकोस्पोर्ट, ४८,००० किलोमीटर, पहिला मालक, कोल्हापुरात डीलरकडे, २०१९ च्या मार्चमधली पेट्रोल नेक्सॉन, ६१,००० किलोमीटर, सांगलीत मालकाकडून थेट, आणि दिल्ली पासिंगची २०१६ ची डिझेल क्रेटा, जी तिच्या इथल्या भावापेक्षा लाखभर स्वस्त सांगतायत. यातली कुठली घेऊ?

मी कोल्हापुरात उद्यमनगरात चोवीस वर्षं गॅरेज चालवतोय. गेली बारा वर्षं निम्मा वेळ लोकांसाठी जुन्या गाड्या तपासण्यात जातो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचा खरा प्रश्न 'ब्रेझा की नेक्सॉन' हा नाही. नवी गाडी घेताना माणूस मॉडेल विकत घेतो, कारण शोरूममधल्या दोन गाड्यांत फरक नसतो. सात-आठ वर्षांनी त्याच दोन गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडलेला असतो. एकीचं ऑइल वेळेवर बदललेलं असतं, दुसरी दोन दिवस पाण्यात उभी राहिलेली असते. म्हणून आधी तुमचा वापर कुठल्या इंजिनाला मानवतो ते बघायचं, मग समोरची नेमकी ती एक गाडी कशी वापरली गेली ते शोधायचं, आणि मॉडेल सगळ्यात शेवटी.

पैशांपासून सुरुवात करू. बजेट सहा लाख असेल तर गाडी सव्वापाच लाखांची बघा. गाडी घरी आली की पहिल्याच महिन्यात इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि सगळे फिल्टर बदलायचे. आधीच्या मालकाने 'परवाच केलंय' म्हटलं तरी बदलायचे, कारण तिथून पुढचा हिशोब तुमचा असतो. या गाड्यांना बहुतेक सोळा इंची टायर असतात, चार टायरचे तीस हजारांच्या आसपास जातात. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मजुरीसकट दहा ते अठरा हजार. बॅटरी पाच-सात हजार. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकअप या सस्पेन्शनच्या भागांतलं काहीतरी निघतंच. त्यात विमा आणि नावावर करण्याचा खर्च धरा. हे पाऊण लाख बाजूला ठेवले नाहीत तर लोक काय करतात हे मी रोज बघतो: गाडीत सगळे पैसे घालतात आणि गुळगुळीत टायरवर पावसाळ्यात घाट उतरतात. तुमच्या गाडीत आई-वडील आणि लहान मुलगी बसणार आहेत.

भावाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस होता तो १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या की जुन्यांचाही भाव खाली यायला हवा, पण बरेच विकणारे अजून आधीचाच भाव डोक्यात धरून बसलेत. ज्या मॉडेलची जुनी गाडी बघताय ते नवं अजून मिळत असेल तर त्याचा आजचा भाव शोरूममधून लिहून आणा आणि मग बोलायला बसा.

आता पेट्रोल की डिझेल. महिना ६०० म्हणजे वर्षाला ७,२०० किलोमीटर, गावच्या चार फेऱ्यांचे १,६०० धरले तर ८,८००. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरू. पेट्रोल गाडी सरासरी १४ देईल, डिझेल १९. पेट्रोलचा वर्षाचा खर्च सुमारे ६५,००० आणि डिझेलचा ४२,०००. फरक तेवीस हजार, म्हणजे महिन्याला एकोणीसशे रुपये. ही रक्कम लहान नाही हे मला मान्य आहे. पण लाखाच्या जवळ गेलेल्या डिझेलला इंजेक्टर, टर्बो (इंजिनात जादा हवा भरणारा पंखा), ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात नेणारा व्हॉल्व्ह) यातलं एक जरी काम निघालं तर दीड-दोन वर्षांची बचत एका बिलात जाते. तुमचं चालणं वर्षाला पंधरा हजारांच्या वर असतं तर मी डोळे झाकून डिझेल सांगितलं असतं. नऊ हजारांच्या आतल्या माणसाला मी सहसा पेट्रोलच सुचवतो. अपवाद एकच, अशी डिझेल गाडी जिचा पहिल्या दिवसापासूनचा सर्व्हिसचा कागद हातात आहे.

पुढेमागे कोणी तुम्हाला एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ या प्रदूषणाच्या नव्या नियमांतली डिझेल स्वस्तात देऊ केली तर आणखी सावध राहा. त्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी गाडी तापून काही वेळ एकसारख्या वेगात चालावी लागते. मिरजेत शाळा, बाजार, स्टेशन अशा तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत त्याला ती संधीच मिळत नाही. काजळी साठते, दिवा लागतो, गाडी दम सोडते आणि मालक म्हणतो इंजिन खराब आहे. इंजिन चांगलं असतं, गाडी चुकीच्या घरात आलेली असते. तुमच्या यादीतल्या दोन्ही डिझेल बीएस-४ काळातल्या आहेत, त्यामुळे ही अडचण त्यांना नाही.

पेट्रोलबद्दल एवढंच की आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २०१८-१९ च्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. मायलेज थोडं कमी धरा, आणि इंधनाच्या रबरी नळ्या, सील दर सर्व्हिसला डोळ्याखालून घाला.

घाटाचा मुद्दा तुम्ही बरोबर काढलात. पाच माणसं, सामान आणि एसी लावून आंबा घाट चढताना इंजिनाची खालच्या फेऱ्यांतली ताकद कामाला येते. ब्रेझाचं १.३ डिझेल ९० पीएस ताकदीचं आणि २०० एनएम ओढीचं आहे, नेक्सॉनचं १.२ टर्बो पेट्रोल सुरुवातीच्या वर्षांत ११० पीएस आणि १७० एनएमचं होतं. ही दोन्ही कुरकुर न करता चढतात. टर्बो नसलेलं १.२ पेट्रोल याच वर्गातल्या काही गाड्यांत येतं. ते गावात गोड चालतं, पण भरलेल्या गाडीला घाटात दुसऱ्या गिअरवर पुन्हा पुन्हा आणावं लागतं. त्याने इंजिन बिघडत नाही, फक्त चालवणाऱ्याला तशी सवय हवी. इकोस्पोर्टचं नोव्हेंबर २०१७ नंतरचं १.५ पेट्रोल तीन सिलिंडरचं आणि १२३ पीएसचं आहे. त्याला टर्बो नाही, तेव्हा ताकद फेरे वाढवल्यावर मिळते.

ऑटोमॅटिकचं तुम्ही विचारलं नाही, तरी एक सांगून ठेवतो. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करतं. चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची सवय असलेल्या मालकाची एएमटी घेतली तर क्लच लवकर जातो. विकणाऱ्याला स्वतः चालवायला लावा आणि चढावर थांबल्यावर तो ब्रेक धरतो की ॲक्सिलरेटर, ते बघा. सगळं कळतं.

आई-वडिलांसाठी कागदावरचे आकडे उपयोगी नाहीत. त्यांना गाडी बघायला बरोबर न्या. मागच्या दारातून तीन वेळा आत बसवा, तीन वेळा उतरवा. पाय किती उचलावा लागतो, डोकं वाकतं का, गुडघ्यावर जोर येतो का, हे त्यांनाच सांगू दे. माझ्या एका गिऱ्हाइकाने सगळं तपासून घेतलेली गाडी आईला चढता येईना म्हणून चार महिन्यांत विकली.

आता गाडी तपासण्याकडे येतो, आणि आपल्या भागात मी सुरुवात पाण्यापासून करतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. कोल्हापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरपर्यंत पंचगंगा आली आणि शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच, आणि २२ जुलैला चिपळूण बुडालं. या दोन पुरांत किती गाड्या पार्किंगमध्ये बुडाल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते आणि ती भंगाराच्या भावात विकली जाते. भंगारात घेतलेली प्रत्येक गाडी कापली जात नाही. धुऊन, वाळवून, नवे सीट कव्हर चढवून ती पुन्हा रस्त्यावर येते, बहुतेक दुसऱ्या जिल्ह्यात.

२०२० च्या दिवाळीनंतर इचलकरंजीचे एक शिक्षक अशीच चकचकीत गाडी घेऊन माझ्याकडे आले. तक्रार एवढीच, एअरबॅगचा दिवा विझत नाही. कार्पेट उचललं तर खालच्या फोममध्ये नदीचा बारीक गाळ होता, वाळून पिठासारखा झालेला. वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवा गंज चढलेला. त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढून गाडी घेतली होती. त्यांना हे सांगताना मला जड गेलं होतं. पुढच्या वर्षभरात आधी सेंट्रल लॉक, मग खिडक्या, मग इंजिनाचा कंट्रोलर असं एकेक जात राहिलं. पुराची गाडी एकदम बंद पडत नाही, ती हळूहळू सडते. म्हणून कितीही स्वस्त मिळाली तरी ती घ्यायची नाही. याबाबतीत मी कुणालाही सूट देत नाही.

ओळखायची कशी? पुढचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो तिथे मातीची रेघ किंवा कडकपणा दिसतो, कारण बाहेरचा भाग सगळे धुतात, आतला विसरतात. सीट पूर्ण मागे सरकवून खालचे बोल्ट आणि रूळ बॅटरीच्या उजेडात बघा. सात वर्षांच्या गाडीत आतल्या बाजूला गंज येण्याचं काही कारण नाही. डिकीतला स्टेपनीचा खड्डा, त्याच्या कोपऱ्यातली माती, जॅकचा गंज. हेडलाइटच्या आत पाण्याचे डाग. गाडीत शिरल्यावर अत्तराचा जोरदार वास आला तर काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात बसा, खालचा कुबट वास वर येतो. चावी 'ऑन'वर फिरवल्यावर एअरबॅग, एबीएस, इंजिन हे सगळे दिवे आधी लागायला हवेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवेत. जो दिवा लागतच नाही त्याचा बल्ब कोणीतरी काढलेला असतो.

आणि विकणाऱ्याला सरळ विचारा: २०१९ च्या पुरात गाडी कुठे होती? २०२१ ला कुठे होती? खरा मालक लगेच सांगतो, 'वरच्या अंगाला मेहुण्याकडे नेऊन लावली होती' वगैरे. आपल्याकडे ते दिवस कोणी विसरलेलं नाही.

अपघाताचं तपासताना नवा रंग दिसला म्हणून घाबरू नका. बंपर आणि एखादा दरवाजा रंगवलेला असणं गावात चालणाऱ्या गाडीला साहजिक आहे. मी बघतो ते बोनेट, पुढचे फेंडर आणि दरवाजे यांचे बोल्ट. कारखान्याच्या रंगावर पान्याचे ओरखडे असतील तर तो भाग उतरवलेला आहे. मग आतला ॲप्रन, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंचा पत्रा, रेडिएटरची वरची पट्टी, दाराचं रबर ओढून पिलरवरचे, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबांवरचे, स्पॉट वेल्ड. कारखान्याचे वेल्ड एकसारख्या अंतरावरचे गोल ठसे असतात, हातचं काम वेडंवाकडं दिसतं. रंगाची जाडी मोजणारं मायक्रॉन गेज मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, पुन्हा रंगवलेला २०० च्या पुढे जातो, आणि पुटी असेल तर आकडा पाचशे-हजारावर उडी मारतो. फेंडरवर असा आकडा आला तर मी भाव कमी करायला सांगतो. पिलरवर किंवा छतावर आला तर तिथून निघायला सांगतो. सगळ्या काचांच्या कोपऱ्यातली छापही जुळवून बघा, एकच काच वेगळ्या सालची असेल तर का, ते विचारा.

मीटर फिरवणं आजही सर्रास चालतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दर सर्व्हिसचं किलोमीटर नोंदलेलं असतं. मालकाला बरोबर घेऊन जा, किंवा त्याच्याच फोनवरून तो तपशील मागवा. तिथे २०२२ ला ८५,००० नोंद आणि आज मीटरवर ४८,००० असं मी स्वतः पाहिलंय. सर्व्हिस बाहेर झाली असेल तर टायर बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, '३२१९' म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. २०१८ ची गाडी, ४८,००० किलोमीटर, आणि टायरचा तिसरा संच? हिशोब जुळत नाही. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, गिअरचा नॉब, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड हेही बोलतात. पण एक उलट बाजूही लक्षात असू द्या: नियमित सर्व्हिस झालेली ९०,००० ची गाडी, वर्षाकाठी तीन हजार चालून धूळ खात उभ्या राहिलेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा बरी निघते. उभ्या गाडीची रबरं वाळतात, ब्रेक चिकटतात, बॅटरी मरते. किलोमीटर कमी म्हणून जास्त पैसे मोजताना हा विचार करा.

इंजिन थंड असतानाच बघायचं. यात माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण तिची किंमत दुसऱ्याने मोजली. सुरुवातीच्या काळात एका संध्याकाळी घाईत मी एक डिझेल गाडी पास केली. विकणारा ती चालवतच माझ्याकडे आला होता, इंजिन गरम होतं, सगळं सुरळीत वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर निळ्या धुराचा लोट निघाला. तो माणूस माझ्यावर विश्वास ठेवून आला होता. मी माझी मजुरी घेतली नाही, पण सुट्या भागांचा खर्च त्याच्यावर पडलाच. त्या दिवसापासून सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, बोनेटवर हात ठेवून ते थंड आहे याची खात्री करूनच मी चावी मागतो.

सुरू झाल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गोडसर वासाचा पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जातंय. डिझेलला जोरात दाबल्यावर थोडा काळा येतो, पण ढग येता कामा नये. इंजिन चालू ठेवून ऑइलची डिपस्टिक वर ओढा. तिथून फसफस वाफ आणि तेलाचे थेंब उडत असतील तर आम्ही म्हणतो बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगांचं काम जवळ आलंय. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा फेस आणि रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी गढूळ तांबडं पाणी, ही दोन्ही एकत्र दिसली तर बोलणी थांबवा. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर जरूर लावा, पण 'कोड नाही' यावर समाधान मानू नका. कोड कालच पुसलेले असू शकतात. ते पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हेही बहुतेक स्कॅनर दाखवतात. तिथे बारा किलोमीटर दिसलं तर पुसणाऱ्याला काय लपवायचं होतं ते शोधा.

मग मी गाडी जोतिबाच्या डोंगरावर नेतो. तुम्हीही न्या, किंवा पन्हाळ्याला. सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच घसरतोय. वर पोचल्यावर तापमानाचा काटा, पंखा लागतो का, खाली कुठे थेंब पडतात का ते बघा. उतरताना दुसऱ्या गिअरवर या आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं का ते हाताला जाणवू द्या. शहरात शिरल्यावर खिडक्या खाली, टेप बंद, आणि खराब रस्त्यावर हळू. लिंक रॉड असेल तर टकटक येते, व्हील बेअरिंगची घूंऽऽ वेगाबरोबर वाढते. ही कामं स्वस्त आहेत, त्यांच्यासाठी चांगली गाडी सोडू नका. कोटेशन घ्या आणि भावातून वजा करा.

किनाऱ्यावर राहिलेली गाडी असेल तर लिफ्टवर चढवल्याशिवाय घेऊ नका. खाऱ्या हवेने दाराखालची पट्टी, मागचा ॲक्सल, ब्रेकच्या लोखंडी नळ्या खालून खाल्लेल्या असतात आणि वरून गाडी आरशासारखी दिसते.

कागदांचं थोडक्यात. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर स्वतः वाचून जुळवा. कर्जाची नोंद असेल तर बँकेची एनओसी आणि ती नोंद उतरवायचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत इसारापलीकडे पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन गाडी तुमच्या नावावर लागलीच पाहिजे. 'सह्या केलेले कोरे फॉर्म देतो, तुम्ही नंतर करा' हे ऐकू नका. विकणाऱ्यालाही समजावा की हे त्याच्याच हिताचं आहे, कारण नोंदणी ज्याच्या नावावर तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या. आणि विम्याची पॉलिसी नुसती चाळू नका, तिच्यातला नो क्लेम बोनस वाचा. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. एकच मालक, सात वर्षांची गाडी आणि बोनस शून्य, म्हणजे बहुतेक नुकताच क्लेम झालाय. कशाचा, ते विचारा. हा बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही, तेव्हा विम्याच्या खर्चात तो फरक धरून ठेवा. थकलेली ई-चलनं भरून घ्या आणि दोन्ही चाव्या मागा.

आता तुमच्या चार गाड्या.

क्रेटा सोडून द्या. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंध आले, मधल्या काळात आदेश बदलत राहिले, आणि त्या धास्तीनेच दहा वर्षांकडे झुकलेल्या डिझेल तिथे पडत्या भावात निघतात. गाडी वाईटच असेल असं मी म्हणत नाही. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला कर, नवं पासिंग, वाहतूक हे धरलं की लाखातलं फारसं उरत नाही. शिवाय मागचा मालक आणि सर्व्हिस तपासायला तुम्ही मिरजेहून किती वेळा जाणार? मालक भेटत नाही अशी गाडी मी स्वतःसाठीही घेत नाही.

ब्रेझाचं ते डिझेल इंजिन मला मनापासून आवडतं आणि त्याचं काम प्रत्येक गावात होतं. गाडी आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या २०१८ च्या चाचणीत तिला पाचपैकी चार तारे होते. पण दुसरा मालक, ९२,००० आणि तुमचं कमी चालणं यांचा मेळ बसत नाही. थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने इंजिनातल्या टायमिंग साखळीचा खळखळ आवाज येत नसेल आणि संपूर्ण सर्व्हिसचे कागद असतील तरच तिचा विचार करा.

इकोस्पोर्ट चालवायला या सगळ्यांत मजबूत आणि स्थिर वाटते. फोर्ड कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, म्हणून भाव उतरलाय, आणि घेणाऱ्याला त्याचा फायदा मिळतो. घेण्याआधी तुमच्या जवळच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून हेडलाइट, बंपर आणि मागचा दरवाजा किती दिवसांत मिळतो हे विचारा. त्या १.५ पेट्रोलचा टायमिंग बेल्ट तेलातच फिरतो, तेव्हा योग्य ग्रेडचं ऑइल वेळेवर बदललंय का, हे तिच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं. मागचा दरवाजा बाजूला उघडतो, स्टेपनी त्याच्यावरच आहे. गल्लीत गाडी भिंतीला लावत असाल तर डिकी उघडेल का ते बघा.

मी तुमच्या जागी असतो तर सांगलीची नेक्सॉन पहिली बघितली असती. पेट्रोल आहे, घाटाला पुरेशी आहे, मालक समोर बसून बोलणार आहे. सुरक्षेचं म्हणाल तर या मॉडेलला ऑगस्ट २०१८ मध्ये चार तारे मिळाले आणि सुधारणांनंतर डिसेंबर २०१८ मध्ये पाच. ही गाडी मार्च २०१९ ची, पण कारखान्यातून कधी निघाली ते आरसीवरच्या उत्पादनाच्या महिन्यावरून बघा. आणि ही गाडी मार्चमध्ये रस्त्यावर आली असेल तर त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती बहुधा सांगलीतच असणार. म्हणून फोनवर भाव ठरवायच्या आधी तो पुराचा प्रश्न विचारा. उत्तर पटलं तर मालकाला सांगा, रविवारी सकाळी सातला येतो, तोपर्यंत गाडी सुरू करू नका. जाताना बॅटरी, जुनी चादर आणि आई-वडिलांना बरोबर घ्या. सीट बेल्ट ओढून झाला, कार्पेटखाली कोरडं निघालं आणि इंजिन थंडीत एका चावीत सुरू झालं, तर तिथूनच जोतिबाकडे निघा. उतरताना उद्यमनगर वाटेतच आहे, गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघायला मला वीस मिनिटं लागतील.